दोन मिनिटांच्या कामाचा भाव

१ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. मोठे बिझनेसमन लिहितात म्हणे.

सकाळी मागच्या गल्लीतला एक इसम दुकानात धावत आला. अंगात बनियन, कमरेला टॉवेल, अर्ध्या गालावर दाढीचा फेस. पेपर उचलायला दाराबाहेर आला आणि मागे लॅच पडलं. असल्या वेंधळ्यांवर माझं पोट चालतं हे मान्य, पण म्हणून त्यांच्याबद्दल आदर वाटायलाच पाहिजे असं नाही. गेलो, तार घातली, दार उघडलं. तीनशे म्हणालो. तर हा टॉवेलवाला म्हणतो, दोन मिनिटांच्या कामाचे तीनशे? आतून दीडशे आणून हातावर टेकवले आणि मी उघडलेलं दार माझ्याच तोंडावर लावून घेतलं.

दोन मिनिटं! अरे, त्या दोन मिनिटांसाठी मी वीस वर्षं बोटं सोलून घेतली आहेत. पण हे कुणाला सांगणार? फेस लावलेल्या गालाला?

घरी आलो तर हिचं वेगळंच. दुकानाचं भाडं सध्या ही शिवणकामातून भरते, ते बोलून दाखवत नाही हा तिचा मोठेपणा. आज बोलून दाखवलं. तिच्या भावाच्या रंगाच्या गोडाऊनमध्ये माणूस हवाय, डबे मोजायला. या महिनाअखेरीपर्यंत दुकान चाललं नाही तर मी तिकडे जायचं. मी हसलो. ती हसली नाही.

२ मार्च, मंगळवार

फोनवर मार्केटिंगवाल्या एका गुरूचा व्हिडिओ पाहिला. सूट घालून समुद्राकाठी चालत बोलतो. म्हणाला, ग्राहक काम विकत घेत नाही, अनुभव विकत घेतो. तीन वेळा पाहिला. तिसऱ्या वेळी डोळ्यांत पाणी आलं.

ठरलं. आजपासून मी चावीवाला नाही. लॉक कन्सल्टंट. दार उघडण्याचे सहाशे, एक पैसा कमी नाही. घासाघीस करणाऱ्याला सरळ समोरच्या फुटपाथकडे बोट दाखवायचं.

समोरच्या फुटपाथवर, पंक्चरवाल्याच्या शेजारी, छत्रीखाली शिट्टी बसतो. चावी घासताना शिट्टी मारतो म्हणून शिट्टी. तीही बेसूर. दार उघडायचे दीडशे, डुप्लिकेट चावीचे चाळीस. कोपऱ्यावरचा हातगाडीवालासुद्धा त्याच्यापेक्षा ताठ भाव सांगतो. अशाच लोकांनी या धंद्याची इज्जत घालवली आहे.

४ मार्च, गुरुवार

नवीन बोर्ड लागला. काळ्यावर सोनेरी. पेंटर विचारत होता, चावीचं चित्र कुठे काढू? म्हटलं, प्रीमियम बोर्डवर चित्र नसतं. त्याने पेंटरच्या नजरेने माझ्याकडे पाहिलं. यांना आयुष्यभर दात आणि बूट रंगवायची सवय.

दुपारी एक आजोबा आत येऊन खुर्चीवर बसले आणि पँट वर करून गुडघा दाखवू लागले. मी म्हटलं, इथे कुलपं बघतात. ते म्हणाले, मग कन्सल्टंट कशाला लिहिलंय? फी किती ते मात्र विचारून घेतलं. सहाशे ऐकून म्हणाले, चौकातला डॉक्टर स्वस्त आहे. कुलपाचं एकही गिऱ्हाईक नाही. बोर्ड नवीन आहे, लोकांच्या नजरेला सवय व्हायला वेळ लागतो.

६ मार्च, शनिवार

मोठा शोध लागला. सगळ्या भांडणाचं मूळ काय? ती दोन मिनिटं! काम झटकन झालं की गिऱ्हाइकाला वाटतं, हे तर मीही केलं असतं. तेच पाऊण तास लागला तर? मग सहाशे म्हणजे काहीच नाही. उलट माणूस आभार मानेल. तेव्हा यापुढे माझ्या हातून कुठलंही दार पाऊण तासाच्या आत उघडणार नाही. उघडलंच तर मी उघडू देईन तेव्हा.

जुन्या बाजारातून डॉक्टरी स्टेथोस्कोप आणला. शिवाय पांढरे हातमोजे आणि कपाळाला बांधायचा दिवा.

संध्याकाळी लगेच संधी. शाळेतल्या एक बाई. दार लागलेलं, किल्ली आत. मी दिवा लावला, मोजे चढवले, तार घातली आणि घात झाला. सवयीने एका झटक्यात उघडलंच की हो! बाईंचं लक्ष जिन्याकडे होतं म्हणून वाचलो. हळूच परत ओढून लावलं. मग स्टेथोस्कोप लावून दाराचे ठोके ऐकत बसलो. मध्येच मान हलवायची, मध्येच हं म्हणायचं. बाई सारख्या म्हणत होत्या, अहो, गॅसवर दूध आहे. मी म्हटलं, मॅडम, प्रोसेसला वेळ द्यावा लागतो. मग धूर यायला लागला. तेव्हा उघडलं.

पातेलं गेलं. पण सहाशे मिळाले, आणि भावाबद्दल एक शब्द नाही! बाकीचे शब्द बरेच होते. शिक्षकी पेशात तोंड इतकं सैल असतं हे माहीत नव्हतं.

९ मार्च, मंगळवार

चहावाला आज कप ठेवताना हळूच म्हणाला, डोळे तपासून घ्या एकदा. म्हटलं, का? तर म्हणे गल्लीत बोलतात, पूर्वी तुम्ही चुटकीसरशी उघडायचात, आता तासभर खुडबुड करता. हात थरथरतात का? साखर आहे का?

मी मनातल्या मनात हसलो. म्हणजे माझ्याबद्दल बोलताहेत! गुरू याला ब्रँड अवेअरनेस म्हणतो. चहावाल्याला ते काय कळणार? त्याचा ब्रँड म्हणजे कान तुटलेला कप.

हीदेखील विचारत होती, तब्येत बरी आहे ना. शिवणकामाला येणाऱ्या बायकांनी तिच्या कानावर घातलं. मी तिला पर्सीव्ह्ड व्हॅल्यू, म्हणजे गिऱ्हाइकाला वाटते ती किंमत, समजावून सांगितली. तिने दातांत दोरा तोडला आणि मशीन सुरू केलं.

११ मार्च, गुरुवार

पॅकेजेस काढली. गुरूच म्हणतो, भाव एक नसावा, तीन असावेत, म्हणजे माणूस मधला घेतो. ब्राँझ: दार उघडून मिळेल. सिल्व्हर: दार उघडून, तेल घालून मिळेल. गोल्ड: दार उघडून, तेल घालून, धीर देऊन मिळेल.

कार्ड छापून वाटली. एक जण आला. कार्ड दोनदा वाचलं. विचारतो, ब्राँझमध्ये तुम्ही धीर देत नाही म्हणजे काय करता, ओरडता का? आणि कार्ड परत ठेवून समोर शिट्टीकडे गेला. शिट्टीने त्याला काय दिलं? शिट्टी दिली. पण लोकांना तेच आवडतं. या गल्लीची लायकीच ब्राँझची आहे.

१४ मार्च, रविवार

हिच्या भावाकडे जेवण. मेहुणा जेवताना रंगाशिवाय दुसरं बोलत नाही. गोडाऊनमध्ये स्टूल आहे, पंखा आहे, सकाळी नऊ ते सात, डबे आले की मोजायचे, गेले की मोजायचे. अभिमानाने सांगत होता. मी फक्त 'हं' म्हणत होतो.

जेवणानंतर म्हणाला, अरे, कपाटाचं लॉक अडकलंय, बघ जरा. घरचा माणूस म्हटल्यावर मी सहाशेसुद्धा बोललो नाही. त्याच्या त्या स्टुलाने डोकं इतकं तापलं होतं की पाऊण तासाचंही भान राहिलं नाही. हिच्या केसांतली पिन घेतली, घातली, उघडलं. मेहुणा म्हणाला, वा, मिनिटभराचं काम! आणि लगेच आतल्या कपड्यांकडे वळला. पाणीसुद्धा विचारलं नाही.

येताना ही म्हणाली, इतकं पटकन जमतं तुम्हाला. किती छान दिसता तेव्हा. मग लोकांसमोर असं का करत नाही? मी म्हटलं, तुला मार्केटिंग कळत नाही. ती म्हणाली, नाही बाई, खरंच नाही कळत. निदान मान्य तरी केलं.

१६ मार्च, मंगळवार

नशीब उघडलं! बाजारामागे उंच नवी इमारत झाली आहे. तिथल्या सेक्रेटरीबाई दुकानात आल्या. बँकेतून रिटायर झालेल्या, चष्मा नाकाच्या टोकावर. सगळ्या फ्लॅटची कुलपं, किल्ल्या, अडकलेली दारं, वर्षाचं कंत्राट एकालाच द्यायचं आहे. हे मिळालं तर गोडाऊन गेलं खड्ड्यात, आणि मेहुण्याचं स्टूलही.

दोघांची कोटेशन मागवली आहेत. माझं आणि, हसू येतं लिहिताना, शिट्टीचं. शिट्टीने म्हणे पंक्चरवाल्याच्या बिलामागे आकडा लिहून दिला. माझं स्पायरल बाइंडिंग केलेलं आहे. पहिलं पान व्हिजन, दुसरं मिशन, कुलपाचा उल्लेख पाचव्या पानावर. आकडा शिट्टीच्या तिप्पट असणारच. स्वस्त माणसाच्या हातात आपलं घर कोण देईल?

सेक्रेटरीबाईंनी विचारलं, कुणी बाहेर अडकलं तर दार उघडायला किती वेळ लागतो तुम्हाला? मी छाती काढून सांगितलं, किमान पाऊण तास. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि लिहून घेतलं. छाप पडली.

३१ला सकाळी दहाला त्या कमिटीसह दुकान बघायला येणार, मग इमारतीत डेमो. शिट्टीलाही बोलावलंय. त्याचं दुकान काय बघणार, छत्री?

१९ मार्च, शुक्रवार

रात्रभर विचार करून मास्टरस्ट्रोक सुचला. दुकानाच्या शटरला परदेशी कुलूप लावलं. वजन एवढं की हातात धरलं की खांदा उतरतो. नाव ठेवलं सेनापती. वर बोर्ड: 'हे कुलूप किल्लीशिवाय उघडून दाखवा, पाच हजार मिळवा.' सेक्रेटरीबाईंना येताजाता दिसेल. याला म्हणतात कॉन्फिडन्स.

किल्ली एकच. ही म्हणाली, दुसरी करून ठेवा ना, तुमच्या तर हातचं काम आहे. मी तिला समजावलं की प्रत्येक ऐऱ्यागैऱ्या कुलपाला दोन चाव्या असतात. एकच असली की ती एक्सक्लुझिव्ह होते. मखमलीची डबी केली आहे तिच्यासाठी. हिच्या पेटीत कुंकवालासुद्धा एवढी चांगली डबी नसेल.

२२ मार्च, सोमवार

दिवसभर शटरपुढे गर्दी. शाळेतली पोरं पिना घेऊन आली, रद्दीवाला खिळा घेऊन आला, गुडघेवाले आजोबाही आले आणि काठीने ठोकून गेले. सेनापती ढिम्म. शटर अर्ध्यावर ओढून आतून मी समाधानाने ऐकत होतो. गर्दीमुळे गिऱ्हाईक आत येऊ शकलं नाही, एवढाच तोटा.

संध्याकाळी शिट्टी रस्ता ओलांडून आला. सेनापतीला उजवीकडून पाहिलं, डावीकडून पाहिलं, अंगठा फिरवला. मग शिट्टी मारत परत गेला. घाबरला. त्या शिट्टीत कंप होता, मी स्वतः ऐकला.

२६ मार्च, शुक्रवार

एकही काम नाही. काल टॉवेलवाला पुन्हा बाहेर अडकला. माझ्या दुकानावरून, हो, समोरून, माझ्याकडे न बघता, शिट्टीकडे गेला. या वेळी निदान पँट होती अंगात. शिट्टीने येताजाता मिळून पाच मिनिटांत काम आटोपलं आणि दीडशे खिशात घातले. टॉवेलवाल्याने वर त्याला चहाही पाजला.

मनाला लागलं. का लागावं? मला असली गिऱ्हाइकं नकोच होती.

भाड्याची तारीख आली. हिने पाकीट टेबलावर ठेवलं. मी ते न बघता उचललं. कंत्राट मिळालं की पहिल्या पैशांतून तिला नवीन शिलाई मशीन. हे मात्र नक्की. पायाने मारायचं नाही, मोटरचं.

२८ मार्च, रविवार

डेमोची तालीम घरच्या दारावर. हिला सेक्रेटरीबाई केलं. मी स्टेथोस्कोप लावला, दोन्ही हात हवेत धरून सर्जनसारखा उभा राहिलो. विसाव्या मिनिटाला ही म्हणाली, भाजी लागेल, मी मागच्या दाराने जाऊ का? सेक्रेटरीबाई असं बोलणार नाहीत, असं तिला सांगितलं. ती म्हणाली, त्यांच्याकडे मागचं दार नाही म्हणून.

मेहुण्याचा फोन आला होता, पहिल्या तारखेपासून येतोय ना? म्हटलं, दुसरा कुणी बघ. हिने माझ्या हातून फोन घेतला आणि आत जाऊन बोलली. आतलं ऐकू आलं नाही.

३० मार्च, मंगळवार, संध्याकाळ

सगळं तयार. उद्या घाई नको म्हणून सामान दुकानातच लावून ठेवलं. इस्त्रीचा शर्ट हुकला टांगला. स्पायरल कोटेशनच्या प्रती टेबलावर. तारा, कानशी, स्टेथोस्कोप, दिवा, मोजे, सगळं नव्या बॅगेत. सेनापतीची किल्ली मखमलीच्या डबीत, डबी बॅगेत, बॅग टेबलाच्या मधोमध, कमिटी आत आल्याबरोबर दिसावी म्हणून.

मग बाहेर येऊन शटर ओढलं आणि सेनापती दाबला. उत्तम कुलपाला बंद करताना किल्ली लागत नाही, नुसतं दाबायचं. टक्! काय आवाज आहे. महागाच्या वस्तूचा आवाजच वेगळा.

समोर शिट्टी छत्री मिटत होता. मी त्याला हात केला. मोठ्या मनाने.

३१ मार्च, बुधवार, सकाळी ९.१०

शटरपाशी उभा आहे. सर्व खिसे पाहिले. पुन्हा पाहिले.

९.२०

किल्ली डबीत. डबी बॅगेत. शांत राहायचं. मी लॉक कन्सल्टंट आहे.

९.५०

पंक्चरवाल्याकडून सायकलची तार मागून आणली. अर्धा तास झाला. पहिल्यांदाच खरंच लागतोय एवढा वेळ. चहावाला फुकट चहा घेऊन आला आणि म्हणाला, डोळ्यांचं मी तेव्हाच बोललो होतो. घरी फोन केला, हिला म्हटलं, केसांतल्या पिना घेऊन ये. तिने विचारलं, किल्ली आत राहिली का? हिला कसं कळतं कोण जाणे.

संध्याकाळ, घरी

लिहायचं नव्हतं. पण रोजनिशी म्हणजे रोज.

दहाला सेक्रेटरीबाई आल्या. मागे कमिटी, सगळे इस्त्रीत. मी गुडघ्यांवर, तोंडात हिने आणलेली पिन. बाईंनी आधी बोर्ड वाचला, मग मला पाहिलं. मी म्हटलं, मॅडम, डेमो सुरू झालेला आहे. त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

पंधरा मिनिटं गेली. कमिटीतला एक जण जांभई देत होता. मागे वळलो तर ही तिथे नव्हती. रस्ता ओलांडून शिट्टीला घेऊन येत होती. माझी सख्खी बायको.

शिट्टीने माझ्या शेजारी बूड टेकलं, कुठलीशी वाकडी तार घातली आणि तीच बेसूर शिट्टी सुरू केली. कडव्याच्या शेवटाला सेनापती उघडला. असा गळून पडला की माझ्याच पायावर.

मग तो मेला म्हणतो, उघडायचे दीडशे आणि बोर्डप्रमाणे पाच हजार. आणि माझ्या तोंडून गेलं. मोठ्याने गेलं, सगळ्या गल्लीपुढे.

दोन मिनिटांच्या कामाचे एवढे?

ही माझ्याकडे बघत राहिली. टॉवेलवाला गर्दीत होता, त्याने मान खाली घातली, जणू त्याचंच वाक्य कुणी चोरलं. शिट्टी मात्र अगदी साधेपणाने म्हणाला, हवं तर परत लावतो आणि पाऊण तास घेतो.

हसले सगळे. सेक्रेटरीबाईसुद्धा. मग त्यांनी शिट्टीला विचारलं, उद्यापासून येता का? माझं कोटेशन आत टेबलावर होतं. शटर आता उघडं होतं, पण आत जाऊन ते आणावं असं काही वाटलं नाही. लाज वाटली. लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय.

दीडशे हिने दिले. पाच हजारांऐवजी शिट्टीने सेनापती घेतला, किल्ली आणि मखमलीच्या डबीसकट. डबी का, असं मी विचारणार होतो. नाही विचारलं.

रात्री जेवताना हिला म्हटलं, ठीक आहे, जातो गोडाऊनला. पण पगाराचं मी स्वतः बोलणार तुझ्या भावाशी. आधी मोठा आकडा सांगायचा, मग गप्प बसायचं, असं गुरू म्हणतो. तीन पॅकेजेस त्याच्यापुढे ठेवणार आहे.

ही म्हणाली, पगाराचं ठरलंय, आकडा मी सांगितला, त्याने हो म्हटलं. मी विचारलं, कधी?

रविवारी फोनवर, म्हणाली. दोन मिनिटं लागली.